नीलेशला ताईंनी पाठवलं नव्हतं

श्रीमती सुनंदाताई पावसकर यांची आणि माझी पहिली भेट एका गोदामाच्या माडीवर झाली. त्याला आता सत्तावीस वर्षं होतील. रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीचं ऑफिस तेव्हा तिथेच होतं. खाली कोकम सरबताचे आणि लोणच्याचे खोके, वर दोन टेबलं, चार खुर्च्या आणि मनाला येईल तेव्हा फिरणारा एक पंखा. मार्केटिंग प्रतिनिधी नेमणे आहेत अशी जाहिरात वाचून मी संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावाहून पहिल्या एसटीने आलो होतो. गळ्यात चुलतभावाचा टाय, हातात प्रमाणपत्रांची फाईल. ताईंनी फाईल उघडलीच नाही. "सकाळपासून काही खाल्लंत का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "काय खाल्लंत?" मी टायची गाठ सारखी करू लागलो. ताई म्हणाल्या, "नोकरी मागायला आलात आणि पहिल्याच प्रश्नाला खोटं बोललात. खाली कँटीनमध्ये घावणे आहेत, खाऊन या. आणि तो टाय काढून ठेवा, चटणी लागेल."

ताईंना येत्या महिन्यात पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांनी निवडलेली माणसं आज गोव्यापासून पनवेलपर्यंत निरनिराळ्या कंपन्यांत आहेत, आणि त्यांनीच हा गौरवग्रंथ काढायचं मनावर घेतलं आहे. संपादकांनी मला सांगितलं, "घाग, तुम्ही ताईंचे पट्टशिष्य. चार पानं मनापासून लिहा. फक्त ते जुनं प्रकरण नको, समारंभाला गालबोट लागेल." संपादक माझे स्नेही आहेत. त्यांची क्षमा मागून सांगतो की मी त्याच प्रकरणाबद्दल लिहिणार आहे. छापायचं नसेल तर त्यांनी माझी चार पानं कोरी सोडावीत.

समारंभ समितीच्या पहिल्याच बैठकीत एक जुने दुकानदार उठून म्हणाले होते, "त्या बाईंचा सत्कार करताय, चांगलं आहे. पण त्यांनी ज्या पोराला पुरात पाठवलं त्याच्या आईला बोलावणार काय?" मी चहाच्या कपात बघत राहिलो. सतरा वर्षं या शहरात ताईंच्या नावाला हे एक वाक्य चिकटलेलं आहे. ते खोटं आहे. कसं खोटं, ते सांगू शकणारा माणूस मी, आणि मी सतरा वर्षं मूग गिळून बसलो. ताईंचा सत्कार होण्याआधी त्यांच्या माथ्यावरचा हा ठपका ज्याचा त्याच्या माथी जावा, एवढ्यासाठी हा लेख आहे.

आधी ताईंची रीत सांगितली पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मार्केटिंगच्या जागेसाठी येणारा उमेदवार बोलण्यात पटाईत असतो. मुलाखतीत तो बाजी मारणारच, तेच तर त्याचं भांडवल. ताई म्हणत, "माझ्यासमोर गोड बोलला म्हणून काय झालं? मी थोडीच त्याच्याकडून दर आठवड्याला सरबत घेणार आहे?" म्हणून प्रत्येक उमेदवाराला त्या आधी एक दिवस बाजारात पाठवत. खांद्याला नमुन्याच्या बाटल्यांची पिशवी आणि खिशात सहा दुकानांची यादी. विकायचं काही नाही, फक्त ओळख करून घ्यायची. दुसऱ्या दिवशी ताई स्वतः त्या सहा दुकानदारांना फोन करत, फोन नसेल तिथे जात, आणि एकच विचारत, "पुढच्या खेपेला हाच पाठवू, की दुसरा बघू?" आम्ही या प्रकाराला बाजारदिवस म्हणायचो. खुर्चीवर बसून घ्यायची मुलाखत त्यानंतर.

माझा बाजारदिवस पालीला झाला. सहापैकी चौघांनी मला पसंत केलं. पाचव्याला मी आठवतच नव्हतो. सहावे एक किराणावाले म्हातारे होते, त्यांनी साफ नको म्हणून सांगितलं. ताईंनी मला समोर बसवून त्यांचे शब्द जसेच्या तसे ऐकवले: "पोरगा वाईट नाही हो, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना बोलत सुटतो. माझी साखर तोलायची राहिली त्याच्यापायी." मग ताई म्हणाल्या, "दत्ताराम, दुकानात गिऱ्हाईक आलं की आपण भिंत व्हायचं. हे जमेल?" जमेल म्हटलं. जमलंही. आज मी जे काही आहे ते त्या एका सूचनेवर आहे, आणि अशा सूचना ताईंनी नापास झालेल्यांनाही दिल्या. उमेदवाराला "कळवू" असं सांगून वाटेला लावणं त्यांना खपत नसे. कोणत्या दुकानदाराने का नाकारलं ते तोंडावर सांगायचं, हा त्यांचा नियम होता. एकदा पुण्याहून एक मोठी पदवी घेतलेले गृहस्थ आले. छाती काढून म्हणाले, "मॅडम, मी कोणालाही काहीही विकू शकतो." ताई म्हणाल्या, "आमच्याकडे काहीही मिळत नाही. कोकम सरबत मिळतं. ते घेऊन उद्या लांज्याला जा." ते गेले नाहीत.

उमेदवाराला आधी खायला घालण्याची पद्धतही त्यांचीच. दापोली-मंडणगडकडची मुलं पहाटे निघून यायची, पोटात चहाखेरीज काही नसायचं. "उपाशी माणूस सगळ्याला हो म्हणतो," ताई म्हणत, "आणि मग आपल्याला वाटतं हा मोठा समजूतदार आहे." एका मुलाखतीत दुसऱ्या साहेबांनी एका मुलीला विचारलं, लग्नानंतर नोकरीचं काय? ताईंनी त्या साहेबांकडेच वळून विचारलं, "तुमच्या लग्नानंतर तुम्ही काय केलंत?" ती मुलगी आमची पहिली महिला प्रतिनिधी. या ग्रंथात तिचाही लेख असेल.

आता नीलेश.

नीलेश चोगले हर्ण्याचा, सव्वीस वर्षांचा. हर्ण्याच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, तिथे तो बोली पुकारायचा. वडील लहानपणीच गेलेले, आई सुकी मासळी विकणारी. आईचं एकच म्हणणं होतं, पोराने पाण्यावरची नोकरी करायची नाही. होडीवर जायचं नाही आणि बंदरावरही आयुष्य काढायचं नाही. जमिनीवर, चार माणसांत, बूट घालून करायची नोकरी पाहिजे. ही गोष्ट त्याने स्वतः ताईंना सांगितली, हसत सांगितली. मी बाजूच्या टेबलावर बसून ऐकत होतो. ताईंनी त्याला विचारलं, "लिलावात काय शिकलात? ओरडायला?" तो म्हणाला, "नाही मॅडम, थांबायला. बोली अडली की लगेच सोडायचं नाही, पण फार वेळ ताणायचंही नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघितलं की कळतं." तो खाली गेल्यावर ताई मला म्हणाल्या, "हा आपला माणूस. बाजारदिवस झाला की घेऊन टाकू." इतक्या पटकन त्या कोणाबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही.

आषाढाचे दिवस होते. चार दिवस पाऊस धरून राहिला होता. ताईंच्या बहिणीचं ऑपरेशन होतं म्हणून त्या कोल्हापूरला गेल्या होत्या. जाताना भरतीचं काम माझ्यावर सोपवलं होतं. संध्याकाळी त्यांचा फोन आला. शब्द मला पाठ आहेत, कारण नंतर मी ते रोज घोकले. "दत्ताराम, इकडे घाटात पाऊस फार आहे. नीलेशचा बाजारदिवस उद्या ठेवू नको. चार दिवसांनी पाठवू, काही बिघडत नाही." मी म्हटलं, "हो ताई."

आणि मी त्याला थांबवलं नाही. का, ते सांगतो. उगाच विसरलो म्हणून पळवाट काढत नाही. मोठ्या साहेबांना शनिवारपर्यंत नाव हवं होतं. ताई नसताना भरती मी एकट्याने पुरी करून दाखवली, हे मला साहेबांच्या कानावर घालायचं होतं. ताई दोन वर्षांनी निवृत्त होणार आणि त्यांची जागा रिकामी होणार, हे मला ठाऊक होतं. त्यात सकाळी उठलो तर रत्नागिरीत लख्ख ऊन. ताई उगाच घाबरतात, असं मी मनात म्हटलं. आठ वाजता नीलेशला फोन केला. तो रत्नागिरीत मावशीकडे उतरला होता. "ऑफिसची मोटरसायकल घेऊन जा, संध्याकाळपर्यंत सहाही दुकानं झाली पाहिजेत," म्हणून सांगितलं. पालीची दुकानं आमची नेहमीची, तिथे सगळे ताईंना ओळखतात. एकाने सहज फोन केला असता तरी ताईंना कळलं असतं. म्हणून मी त्याला आमच्या तालुक्यातली, संगमेश्वरच्या आतल्या बाजूची दुकानं दिली. शेवटची दोन पऱ्याच्या पलीकडे होती.

पऱ्या म्हणजे आमच्याकडचा ओढा. उन्हाळ्यात त्यात पोरं क्रिकेट खेळतात. पावसाळ्यात मोरीच्या बुटक्या पुलावरून घोटाभर पाणी वाहतं आणि लोक चपला हातात घेऊन जातात. पण वर डोंगरात पाऊस कोसळला की खाली ऊन असतानाही पाणी येतं, आणि येतं ते सांगून येत नाही. आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. नीलेशला कळत नव्हतं, आणि कळावं तरी कसं? तो बंदरावरचा. त्याचं पाणी वेळेवर चढणारं आणि वेळेवर उतरणारं, त्यावर घड्याळ लावून घ्यावं असं. मी संगमेश्वर तालुक्यातला, मला पऱ्याचं पाणी कळतं. मी त्याला एका वाक्याने सांगायला हवं होतं. तेवढंही मी सांगितलं नाही.

चौथ्या दुकानाचे मालक नंतर मला म्हणाले, "मी बोललो हो त्याला. म्हटलं, वर काळं झालंय, पलीकडे जाऊ नको. तर म्हणतो, आबा, पाऊस कुठे आहे? पाणी तर गुडघ्याएवढं. साहेबांनी सहा दुकानं सांगितलीत, चारावर परत गेलो तर काय तोंड दाखवू? चांगला होता हो पोरगा. मी त्याला बसवून घ्यायला हवा होता." त्या म्हाताऱ्यांनी बिचाऱ्यांनी स्वतःला दोष लावून घेतला. त्यांना साहेब कोण ते ठाऊक नव्हतं, आणि साहेब त्यांच्यासमोरच उभा राहून मान हलवत होता.

नीलेश दुसऱ्या दिवशी सापडला, दोन मैल खाली. पिशवी अंगावरच होती.

ताई कोल्हापूरहून कशा आल्या देव जाणे, घाट बंद होता. आल्या त्या सरळ पोलीस ठाण्यात. कंपनीचे साहेबही तिथे होते आणि त्यांचा सूर आधीच ठरलेला होता: मुलगा कंपनीचा नोकर नव्हता, उमेदवार होता, कंपनीचा संबंध नाही. अंमलदाराने विचारलं, "पण त्याला पाठवला कोणी?" मी बोलणारच होतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मी बोलणार नव्हतो. मी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "मी. पद्धत माझी आहे. यादीवर सही माझी असते. लिहून घ्या."

बाहेर आल्यावर मी त्यांच्या पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "तुला वाचवायला बोलले असं समजू नको," त्या म्हणाल्या. "तुझी बायको सहा महिन्यांची पोटुशी आहे म्हणूनही नाही. माणसाला अनोळखी वाटेवर पाठवून त्याची परीक्षा घ्यायची, ही पद्धत मी काढली. चोवीस वर्षं कोणाचं काही झालं नाही, हे नशीब. मी ते अक्कल समजत होते. तू नसतास तर पुढे कधीतरी दुसऱ्याने पाठवला असता." मग म्हणाल्या, "पण तू हो म्हणाला होतास, दत्ताराम." त्यानंतर वर्षभर त्या कामाखेरीज माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

कंपनीने ताईंना मुलाखतींवरून काढून माल रवानगीच्या खात्यात बसवलं. शेवटची दोन वर्षं त्यांनी खोक्यांवर पत्ते चिकटवण्यावर देखरेख केली. वेळेवर येत, वेळेवर जात, कुणाशी तक्रार नाही. निवृत्तीच्या दिवशी एक नारळ आणि शाल मिळाली. बाजारदिवस बंद झाला. आता पुण्याहून छापील प्रश्नपत्रिका येते, उमेदवार "माझा दोष म्हणजे मी फार मेहनत करतो" असं पाठ केलेलं उत्तर देतो आणि आम्ही त्याला गुण देतो. आम्ही म्हणजे मी. ताईंची खुर्ची मला मिळाली. सतरा वर्षं मी त्या खुर्चीत बसून माणसं पारखतो आहे. समोरचा खोटं बोलतो हे मला लगेच कळतं, चोराची पावलं चोरालाच ठाऊक. या काळात मला दोन बढत्या मिळाल्या, मुलगी झाली, ती आता कॉलेजात आहे. घर बांधलं. नीलेशचं वय सव्वीसच राहिलं.

दर आषाढात, तो दिवस आला की ताई हर्ण्याला जातात. पहिल्या वर्षापासून जातात, हे मला फार उशिरा कळलं. आधी एसटीने जात. चार वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांचा फोन आला, "दत्ताराम, तुझ्याकडे गाडी आहे ना?" तेव्हापासून मी नेतो. नीलेशच्या आईचं घर बंदराच्या वरच्या अंगाला आहे, गाडी खालच्या वाकणापर्यंत, म्हणजे वळणापर्यंतच जाते. ताई काठी टेकत पुढे जातात, मी गाडीत बसून राहतो. तिथून पडवी दिसते. नीलेशची आई दार उघडते, ताई काहीतरी बोलतात, आई त्यांना तांब्याभांडं आणून देते आणि आत निघून जाते. ताई पायरीवर बसतात. अर्धा तास, कधी पाऊण तास. छत्री उघडून बसतात. मग उठून येतात. सतरा वर्षांत त्या बाईने ताईंना एकदाही आत घेतलं नाही. घेईल कशी, मी म्हणायचो, तिच्या लेखी तिच्या पोराला मारणारी बाई हीच. परतीच्या वाटेवर ताई कधी या विषयावर बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जरा लवकर निघू, पायरीवर पाणी साठतं."

हा लेख लिहायचं ठरल्यावर मी ताईंकडे गेलो. मी खरं काय ते छापणार आहे, असं सांगितलं. मला वाटलं, त्या नको म्हणतील. आणि खरं सांगतो, त्यांनी नको म्हणावं असं मला कुठेतरी वाटत होतं, म्हणजे मग पुन्हा गप्प बसायला कारण मिळालं असतं. ताई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "लिही. माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी लिही. पण आधी हर्ण्याला जा. तिला हे पुस्तकातून कळता कामा नये." मी विचारलं, "तुम्ही येता बरोबर?" ताई म्हणाल्या, "तुझं तू जा."

गेल्या रविवारी गेलो. या वेळी वाकणावर थांबलो नाही. नीलेशची आई पडवीत बोंबील निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढे असतील, पण हात भराभर चालत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. मी उभ्या उभ्याच बोललो. ताईंनी थांबव म्हटलं होतं, मी हो म्हटलं आणि तरी पाठवलं. पलीकडची दुकानं मी दिली. पाण्याचं मी सांगितलं नाही. वाक्यं पाठ करून गेलो होतो. मधेच पाठांतर तुटलं आणि मी रडलो, तेही लिहितो. त्या माझं रडणं संपेपर्यंत बोंबील निवडत राहिल्या.

मग म्हणाल्या, "म्हायती हाय मला."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी निघताना त्याने शेजारी फोन केलान. मला बोलावून घेतलान. म्हणालान, आई, घागसाहेबांनी पाठवलंय, मॅडम कोल्हापूरला गेल्यात. सहा दुकानं झाली की नोकरी पक्की. तुझं नाव तेव्हापासून म्हायती हाय मला. आणि ती बाई पहिल्या वर्षी आली तीच सांगत आली, मी पाठवला म्हणून."

"मग तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"कोणी विचारलंन? पंचनाम्याला अंगठा घेतलानी, नाव विचारलानी, वय विचारलानी. कोणी पाठवला ते मला कोणी विचारलंनच नाय. म्हटलं, ज्याने पाठवलान तो येईल कधीतरी. गाडीत बसून र्‍हायचास तो तूच ना? चार वर्षं बघत्येय. उतरशील, उतरशील म्हणून."

मी विचारलं, कारण ते विचारल्याशिवाय मला तिथून हलता आलं नसतं. "काकी, तुम्हाला जर ठाऊक होतं, तर ताईंना इतकी वर्षं बाहेर का बसवलंत?"

त्यांचे हात पहिल्यांदा थांबले. "ती दरवर्षी माझ्या दारात येऊन खोटं बोलायची. चांगल्यासाठी बोलायची, कळत नाय काय मला? पण माझ्या पोराच्या मरणाबद्दल खोटं. त्याचं शेवटचं बोलणं मी ह्या कानांनी ऐकलंय. तिला खरी धरली तर माझा पोरगा खोटा ठरतो. पाणी दिलं तिला दरवर्षी. पावसापाण्याची येते, म्हातारी हाय. पण खोटं घेऊन आत नाय घेतली."

मी निघालो तेव्हा त्या पडवीच्या कडेपर्यंत आल्या. म्हणाल्या, "तिला जाऊन सांग, आता आत ये म्हणावं. तू नको येऊस."

हा निरोप मी त्याच संध्याकाळी ताईंना दिला. सगळा दिला, एक शब्द गाळला नाही. ताई खुर्चीचा हात धरून बसून राहिल्या. मी त्यांना उभ्या आयुष्यात रडताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. "म्हणजे मीच मला बाहेर बसवत होते होय," एवढंच त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "आषाढापर्यंत थांबायला नको. येत्या बुधवारी जाऊ. तू वाकणावर थांब."

या लेखाची एक प्रत मी कंपनीत दिली आहे आणि एक पोलीस ठाण्यात. पुढे काय व्हायचं ते होईल. वाचकांना हात जोडून विनंती आहे की ताईंबद्दल ते एक वाक्य यापुढे कोणी उच्चारू नये, आणि उच्चारायचंच असेल तर त्यात माझं नाव घालावं. समितीच्या त्या दुकानदारांना मी प्रत्यक्ष भेटून हे सांगितलं आहे. ते म्हणाले की बाईंना भेटायला ते स्वतः जातील.

गौरवलेखाच्या शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. ताईंना शुभेच्छा द्यायचा माझा अधिकार किती, हे वाचक जाणतात. तरी मागतो. ताईंच्या गुडघ्यांना बळ मिळो, डोळे शाबूत राहोत, हर्ण्याचा रस्ता त्यांना जड न जावो. नीलेशच्या मायमाउलीलाही आयुष्य लाभो. सतरा वर्षं ताई त्या घराच्या बाहेर बसल्या. निदान तितकी वर्षं त्यांना आत बसायला मिळोत.

— दत्ताराम घाग, रत्नागिरी